बंडमोड्यांच्या दारातला ढोल

फोन आला तेव्हा मी सातव्या महिन्यातल्या एका पोरीच्या हातात हिरव्या बांगड्या भरत होते. इचोड्याला, मोठ्या रस्त्याला लागून माझं बांगड्यांचं दुकान आहे. समोरून दिवसभर नागपूर-हैदराबादचे ट्रक जातात आणि टांगलेल्या बांगड्या आपल्याआपण किणकिणत राहतात. पोळा होऊन गेला होता, गणपती बसायचे होते. फोन वाजून वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. एक हात भरून झाला होता, दुसरा अर्धा. ओटीभरणाच्या पोरीचा हात अर्धा भरून सोडत नाहीत आमच्याकडे, म्हणून मी "वाजू दे मेल्याला" म्हणत एकेक बांगडी चढवत राहिले. शेवटची बांगडी मनगटावर बसली आणि मग फोन उचलला. वहिनी होती. आवाज अगदी शांत. "शकूबाई, तुमचे दादा शेतातून आले, ओट्यावर बसले, चहा मांगतला. मी चहा घेऊन आली त... नाहीच." त्या पोरीचा हात मी तसाच हातात धरून ठेवला होता आणि ती बिचारी काही न विचारता उभी राहिली.

त्या दिवशी गावाला कशी पोचले ते मला नीट आठवत नाही. बाजारहत्नूरपर्यंत बस होती, पुढं कोणाच्या तरी ऑटोत बसले. पाऊस नव्हता, ऊनही नव्हतं, एक पांढुरकं धुकट असं काहीतरी डोंगरावरून खाली उतरून पऱ्हाटीवर, उभ्या कपाशीवर, बसलं होतं. पऱ्हाटीला पहिली पिवळी फुलं लागली होती. मला सारखं वाटत होतं की मी झोपेत आहे, कोणीतरी खांदा हलवेल आणि म्हणेल, उठ शकू, गाव आलं. आणि ते कोणीतरी म्हणजे दादाच. लहानपणी बैलगाडीत मी झोपले की तोच उठवायचा, खांदा हलवून नाही, गाडीच्या फळीवर बोटांनी वाजवून. टक-टक-टकटक... मी डोळे उघडायच्या आधी तो ठेका माझ्या झोपेत शिरायचा. त्या दिवशी ऑटोत मी किती तरी वेळ त्या ठेक्याची वाट पाहत बसले होते.

दादा म्हणजे गणपतराव बंडमोडे. पेपरात छापून यावं असं त्यानं आयुष्यात काही केलं नाही. कापूस, ज्वारी, आणि विहिरीजवळच्या तुकड्यात कोबी-वांगी, एवढाच त्याचा पसारा. स्वभाव असा थंड की आई म्हणायची, ह्याला घर पेटलं म्हणून सांगितलं तर हा विचारेल, कोणत्या बाजूनं? मी त्याच्या नेमकी उलट, तव्यावरचा फुटाणा. भांडण करायचं तर मी एकटीनंच करायचं, तो नुसता ऐकून घ्यायचा आणि शेवटी "झालं? आता पाणी पे" म्हणून तांब्या पुढं करायचा. त्याला दोन खोडी होत्या. एक म्हणजे एखादी गोष्ट डोक्यात शिरली की महिनोन् महिने चघळत बसायचा, पोरं चिंचोका चघळतात तशी. आणि दुसरी, त्याची बोटं. उजव्या हातात चांदीची अंगठी होती, तिनं तो दिसेल त्यावर वाजवायचा. बाजेवर, मोटारसायकलच्या टाकीवर, आणि सगळ्यात जास्त ओट्यावरच्या पितळी तांब्यावर. वहिनी चिंच-राख लावून तांब्या सोन्यासारखा करायची आणि हा त्यावर चरे पाडायचा. "माह्या माहेरचा तांब्या हाये, मृदंग नाही" हे वाक्य मी त्या घरात हजार वेळा ऐकलं असेल.

आमच्या आडनावाविषयी सांगितल्याशिवाय दादाविषयी काही सांगता येणार नाही. घराच्या दरवाज्यावर सिमेंटची ठसठशीत अक्षरं आहेत, 'बंडमोडे'. बाबांनी गवंडी बोलावून ती काढून घेतली आणि निळा रंग दिला. घरात कथा अशी होती की निजामाच्या राज्यात डोंगरातल्या गोंडांनी बंड केलं होतं. आमच्या आज्यानं, म्हणजे बाबांच्या वडलांनी, ते मोडलं. म्हणून सरकारनं त्यांना भर कचेरीत फेटा बांधला आणि 'बंडमोडे' असा किताब दिला. आधीचं आडनाव काय होतं ते कोणाला आठवतही नव्हतं. ते बंड कसं मोडलं, हे बाबांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. किताब मिळाला म्हणजे काहीतरी मोठंच केलं असणार, असं आम्ही धरून चाललो होतो.

आणि त्याचा पुरावाही आमच्याकडे होता. दर वर्षी दिवाळीच्या आधी वरच्या गुड्यातून, म्हणजे डोंगरावरच्या गोंडांच्या वस्तीतून, दंडारी खाली गावात येते. पुढं मोरपिसांचे मोठाले टोप घातलेले, अंगाला राख फासलेले गुसाडी, मागं काठ्यांवर काठ्या वाजवत नाचणारी माणसं, आणि ढोल. त्या ढोलाचा आवाज पोटात लागतो. संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात ती मोरपिसं हलताना पाहिली की मला अजूनही वाटतं, आपण जागे नाही. घराघरासमोर दंडारी थांबते, बाया पायांवर पाणी घालतात, सुपातून ज्वारी देतात. फक्त आमचं घर सोडून. आमच्या कोपऱ्यावर आली की ढोल थांबायचा. काठ्या थांबायच्या. दंडारी मुकाट्यानं आमच्या दारावरून पुढं जायची, नुसती घुंगरं ऐकू यायची, आणि मारुतीच्या पाराशी पोचली की ढोल पुन्हा सुरू. बाबा त्या दिवशी पांढरं स्वच्छ धोतर नेसून, मिशीला पीळ देऊन दारात उभे असायचे. "पाहा पोट्ट्याहो," ते म्हणायचे, "देवळासमोरून जाताना मानूस कसा गप होते? तसा मान हाये आपल्या घराचा." मी शाळेत मैत्रिणींना मोठ्या तोऱ्यात सांगायचे, तुमच्या घरासमोर ढोल वाजतो, आमच्या घरासमोर थांबतो!

दादानं ह्यात कधी डोकं घातलं नव्हतं. त्याच्या डोक्यात हा चिंचोका टाकला माझ्या पोरीनं, चित्रानं. ती इचोड्यात तेलुगू शाळेत शिकली, सुट्टीत मामाकडे राहायला गेली होती. बाबा तेव्हा हयात नव्हते. चित्रानं त्या निळ्या अक्षरांकडे पाहत विचारलं, "मामा, बंड कोणाचं होतं?" दादा म्हणाला, "गोंडायचं." ती म्हणाली, "पण काऊन केलं होतं?" आता बोला! घरात दोन पिढ्या ते नाव मिरवलं, पण हा साधा प्रश्न आमच्यातल्या कोणाला पडला नव्हता.  मग चित्राच म्हणाली की आमच्या पुस्तकात बंडाला तिरुगुबाटु म्हणतात, तिरुगु म्हणजे वळणं, फिरणं. दादाला ते फार आवडलं. संध्याकाळी बाजेवर पडल्यापडल्या तो स्वतःशीच म्हणत होता, "वळणारा मानूस... मंग जो वळू देत नाही, त्याले काय म्हनाव?" वहिनीनं मला फोन करून सांगितलं, "तुमच्या पोरीनं लावून देलं कामाले. आता पाहा, वर्षभर हेच."

वर्षभर नाही, चांगली काही वर्षं. उटनूरला कुठल्या कामाला गेला की कचेरीतल्या कारकुनाला विचारायचा, बाजारात कोमट्याला, तेलुगू वाण्याला, विचारायचा, बंड मोडणाऱ्याला तुमच्यात काय म्हणतात? लोक हसायचे. माझ्या दुकानात आला की बांगड्या घ्यायला आलेल्या बायांसमोर तेच. मी म्हणायचे, "दादा, लोक काय म्हणतील, ह्याचं डोकं फिरलं म्हणतील." तो म्हणायचा, "तिरुगु म्हंजे फिरणंच ना?" आणि हसायचा. मी कपाळाला हात लावायचे.

इचोड्यातच उर्दू शाळेतले जुने निवृत्त मास्तर राहतात. एकदा दादानं त्यांना माझ्याच दुकानात गाठलं. ते बायकोसाठी बांगड्या घ्यायला आले होते आणि मापाची बांगडी घरी विसरून आले होते, ती आणायला पोराला पाठवलं होतं, त्यामुळे बसायला वेळ होता. मास्तर म्हणाले, सरकारी भाषेत बंड मोडायला सरकोबी म्हणायचे. सर म्हणजे डोकं आणि कोबी म्हणजे कुटणं, ठेचणं. दादा दचकलाच. "मी त इतकी वर्षं कोबी पिकवून राह्यलो," तो म्हणाला, आणि आम्ही तिघंही खूप हसलो. मग मास्तरांनी सांगितलं की तुमच्या बंडखोरातला खोर पण आमच्याकडचाच, फारसीतला, खाणारा. लाच खाणारा लाचखोर, तसा बंड खाणारा बंडखोर. दादा म्हणाला, "उपाशी असन तवाच खात असन." मास्तरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, तुम्हाला हे कशाला पाहिजे? दादानं किताबाची कथा सांगितली. मास्तर ऐकत होते, दाढी कुरवाळत होते. मग अगदी सहज म्हणाले, "सरकार किताब देता तो उर्दू में देता ना, गणपतराव? निजाम का सरकार मराठी में कायकू देता?"

दुकानाबाहेर ट्रक गेला, बांगड्या किणकिणल्या. मला राग आला होता. कोण कुठले मास्तर, आमच्या आज्याचा फेटा काढायला निघाले! मी तसं बोलूनही दाखवलं ते गेल्यावर.  दादाची बोटं काउंटरच्या काचेवर चालली होती, टक-टक-टकटक.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला मी गावी गेले होते, तेव्हा दादा म्हणाला, "चाल, वरच्या गुड्याले जाऊ. लिंगूबाबाले भेटू." लिंगूबाबा म्हणजे दंडारीचा ढोल वाजवणारा म्हातारा. त्याचा बाप ढोल वाजवायचा, त्याचा आजाही. आम्ही मोटारसायकलवर गेलो. मोहाची फुलं पडायचे दिवस. सगळ्या अंगणांतून फुलं वाळत घातलेली, आणि तो गोड, जड वास... श्वास घेतला की डोळे मिटायला लागतात. रस्त्यात बैल अर्धवट झोपेत उभे होते, कुत्रीसुद्धा भुंकायचा कंटाळा करत होती. लिंगूबाबा झाडाखाली बसून ढोलाच्या वाद्या ताणत होता. आम्हाला बसायला बाज टाकली, पाणी दिलं. शेतीचं, पावसाचं बोलणं झालं. मग दादानं विचारलं, तुमच्या बोलीत बंडमोड्याला काय म्हणतात?

लिंगूबाबा हसला. "हाये शब्द. पन तुले कायले पाह्यजे? तुमचं नाव त तुमच्या भाषेत ठेवलं आमी."

"तुमी ठेवलं?" दादा म्हणाला. "सरकारनं नाही?"

"सरकारनं कायले ठेवन? आमच्या बुढ्यायनं ठेवलं."

"पन मराठीत काऊन?"

"तुमाले समजलं पाह्यजे ना," लिंगूबाबा म्हणाला. रागानं नाही. एखाद्या पोराला सांगावं तसं.

मग त्यानं ते सांगितलं. तो सांगत असताना हात वाद्यांवर चालूच होते. त्या वेळी डोंगरावरच्या माणसांची जमीन सरकार काढून घेत होतं, जंगलात कुऱ्हाड लावली की पकडत होतं, म्हणून ते बंड. आमचा आजा गुरं घेऊन सगळ्या जंगलात हिंडलेला. त्याला पायवाटा माहीत, बोली माहीत, आणि ढोलही माहीत. कोणता ठेका नाचाचा, कोणता मयताचा, आणि कोणता 'शिपाई आले, पळा' असा सांगणारा. खालच्या गावात ढोल वाजला की वरच्या वस्तीला कळायचं. आज्यानं ते साहेबाला सांगितलं. नुसतं सांगितलं नाही. शिपाई आले त्या सकाळी त्यानं, इशारा द्यायला खाली आलेल्या लिंगूबाबाच्या आज्याच्या गळ्यातला ढोल ओढून काढला आणि आमच्या दारासमोर, आज जिथं वहिनी रांगोळी काढते तिथं, मुसळानं फोडला. "मारलं कोणाले नाही तुह्या आज्यानं," लिंगूबाबा म्हणाला. "खोटं कायले बोलू? ढोल फोडला. पन वर कळलंच नाही. माणसं झोपेत होते. पकडून नेले. काही परत आले... काही नाही आले."

मोहाचा वास सगळीकडे भरून राहिला होता.  दादा म्हणाला, "मंग दिवाळीत तुमी आमच्या दारात थांबवता, ते..."

लिंगूबाबानं वाद्या सोडल्या आणि आमच्याकडे पाहिलं. त्याला खरोखरच नवल वाटलं होतं. "तुमाले काय वाटलं?"

  पांढरं धोतर, पीळ दिलेली मिशी, आणि माझा शाळेतला तोरा, सगळं डोळ्यांसमोर आलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठताना दादानं एवढंच विचारलं, "बाबा, काय केलं म्हंजे वाजन आमच्या दारात?" लिंगूबाबा म्हणाला, "मी कोन थांबवनारा? पोट्ट्यायले कोनी सांगत नाही. तुह्या कोपऱ्यावर आलं की हात थांबते."

तेव्हापासून दादाला एकच लागलं होतं, आपल्या दारात ढोल वाजावा. आयुष्यात त्यानं स्वतःसाठी दुसरं काही मागितल्याचं मला माहीत नाही. मी माझ्या स्वभावाप्रमाणे उपाय सुचवले. म्हटलं, ती अक्षरं फोड, आडनाव बदल, लोक बदलतात. तो म्हणाला, "एकदा फोडाफोड झाली न ह्या दारात, पुरे." म्हटलं, निदान रंग तरी खरवड. तर म्हणे, "नाव पुसलं त आपनच विसरून जाऊ. इतके दिवस नाव होतं तरी विसरलोच होतो." त्याच वर्षीच्या दिवाळीत दंडारी मारुतीच्या पाराशी बसली असताना, सगळं गाव जमलं असताना, माझा हा कधी चार माणसांत तोंड न उघडणारा भाऊ उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. आमच्या आज्यानं तुमचा ढोल फोडला, त्यानं तुमची माणसं गेली, आणि आम्ही तुमच्या गप्प राहण्याला मान समजत होतो. माफ करा असंही म्हणाला नाही. म्हणाला, "मले मालूम झालं, म्हनून सांगून राह्यलो." आणि खाली बसला.  कोणीतरी विडी पेटवली. आमचे काका मात्र उठून गेले. त्यांनी घरी येऊन थयथयाट केला, माझ्या मेलेल्या बापाच्या तोंडाला काळं फासलं म्हणाले, आणि त्यानंतर दादाच्या ओट्यावर त्यांनी पाय ठेवला नाही. दादाला त्याचं फार लागलं. पण सांगितल्याचा पस्तावा त्याला झाला नाही.

पुढच्या वर्षी दंडारी आली. मी मुद्दाम गेले होते. मला वाटत होतं, आता वाजणारच. एवढं कोण करतं? वहिनीनं अंगण सारवलं होतं, सूपभर ज्वारी काढून ठेवली होती. दंडारी कोपऱ्यावर आली आणि ढोल थांबला. माझा तर संताप झाला, खोटं कशाला सांगू! पण दादा ओट्यावर बसला होता, पाण्याचा तांब्या मांडीशी, आणि त्या शांततेत मला ऐकू आलं... टक-टक-टकटक, टक-टक-टकटक. तोच ठेका, जिथं ढोलानं सोडला होता तिथून. अगदी हलका, दंडारीला ऐकू जाईल न जाईल असा. ती दारावरून पुढं सरकत गेली, मोरपिसं डुलत गेली, तांब्या वाजत राहिला. पाराशी पोचल्यावर ढोलानं ठेका उचलला तेव्हा दादानं बोटं थांबवली. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "मधात तुटते ना. तेवढं जोडून देतो."

मग ते दर वर्षीचं झालं. पोरं हसायची, गणपतदादाचा तांब्या म्हणायची. गुसाडीही जाताना डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचे. लिंगूबाबा मात्र मान खाली घालून, ढोलावर दोन्ही तळवे पालथे टेकवून जायचा.  यंदा पोळ्याला मी गेले, तीच शेवटची भेट. दादा ओट्यावर बसून हाताला लागलेली कोबीच्या रोपांची माती धुवत होता. म्हणाला, "शकू, यंदा वाजन असं वाटून राह्यलं."

"दर वर्षी तेच म्हणतोस."

"दर वर्षी वाटते," तो म्हणाला.

तो गेल्यावर, परवा दिवाळीच्या आधी, मी वहिनीच्या सोबतीला गेले. दादाचा पोरगा हैदराबादहून लक्ष्मीपूजनाला येणार होता. घरात सण नव्हता. अंगण सारवलं नव्हतं, पणती नव्हती. ज्या घरचं माणूस त्या वर्षी गेलं, तिथून आमच्या गावात सगळीच वाजंत्री मुकाट्यानं जातात, मग वरात असो की गणपती. त्यामुळे मला वाटलं, यंदा तरी ढोल थांबेल तो खरोखरीच्या मानानं थांबेल. बाबा म्हणायचे तसा. आणि तो थांबलेला ऐकायला नेमका दादा नाही... वहिनी आतल्या खोलीत पडून होती. मी ओट्यावर जाऊन बसले, त्याच्या जागी नाही, जरा बाजूला. तांब्या कोनाड्यात पालथा होता.

संध्याकाळ पिवळी झाली. ढोल आधी लांबून आला, मग जवळून, मग आमच्या गल्लीत. कोपऱ्यावर मोरपिसं दिसली आणि ढोल थांबला. काठ्या थांबल्या. नुसती घुंगरं पुढं येत होती. मी मान खाली घातली. आणि मग घुंगरंही थांबली. मी वर पाहिलं. दंडारी आमच्या दारासमोर उभी होती. पुढं जात नव्हती. सगळे ओट्याकडे पाहत होते, त्या रिकाम्या जागेकडे, आणि मला कळेना की हे कशाची वाट पाहून राह्यले. मग कळलं.  उठून तांब्या घ्यावा, वाजवावा, पण मला तो ठेका येतच नव्हता. जन्मभर ऐकला, वाजवला कधी नाही.

लिंगूबाबा पुढं आला. रांगोळीच्या जागेवर उभा राहिला. तळवे ढोलावर पालथे होते, ते त्यानं उताणे केले, जरा वेळ त्यांच्याकडे पाहिलं. आणि ढोल वाजला. टक-टक-टकटक नाही, धडाड धडाड, पोटात लागणारा, भिंती हलवणारा. दुखवट्यातल्या घराच्या दारात! आतून वहिनी धावत आली, केस मोकळे, डोळे लाल. मला वाटलं आता ही ओरडेल. ती दाराला धरून उभी राहिली आणि मोठ्यानं रडायला लागली, माणूस गेल्यापासून पहिल्यांदा. मीही रडले. गुसाडी नाचत होते, मोरपिसं त्या निळ्या अक्षरांपर्यंत उडत होती.

ढोल थांबल्यावर लिंगूबाबा ओट्याशी आला. धापा टाकत होता, म्हातारा माणूस. "दुखवटा हाये, वाजवू नका म्हनून मीच पोट्ट्यायले सांगतलं होतं, बाई," तो म्हणाला. "इथं उभा राह्यलो. तांब्याची वाट पाह्यली. नाही वाजला. मंग पुढं पाय उचलना."

वहिनीनं डोळे पुसले, कोनाड्यातून तांब्या काढला, आणि अंगण सारवलेलं नसतानाही बाहेर येऊन त्याच्या पायांवर पाणी घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विहिरीवर चिंच-राख घेऊन भांडी घासत बसली होती. मी शेजारी बसून विसळत होते. तांब्या तिनं एका बाजूनं घासला, चकचकीत केला, मग फिरवला. दुसऱ्या बाजूला दादाच्या अंगठीचे चरे होते, दाट, एकावर एक. तिनं तिथं बोट फिरवलं, राख लावली नाही, आणि तांब्या तसाच माझ्याकडे विसळायला दिला.